नववा फर्मा

बाइंडिंगखान्यातलं दाबयंत्र मोडलं त्याला चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्या यंत्राचं काम मास्तर स्वतः करत. करत म्हणजे काय, बसत. घडी घातलेल्या कागदांचा गठ्ठा खालच्या फळीवर ठेवायचा, त्यावर दुसरी फळी, फळीवर एक जुनी उशी आणि उशीवर मास्तर. एकदा बसले की तासभर हलायचं नाव नाही. तिथूनच फोन, तिथूनच चहा, तिथूनच आरडाओरडा. मास्तरांचं वजन भरभक्कम होतं. तासाने ते उठले की कागद असे सपाट होऊन निघत की नवं यंत्र घ्यायचा विषयच कोणी काढत नसे.

"यंत्राला तेल लागतं, मला चहा लागतो," मास्तर म्हणत. "बाकी फरक तो काय?"

या बाइंडिंगखान्यात मावशी एकोणीस वर्षं घड्या घालत होती. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, एकेका कागदावर सोळा पानं. त्याला तीन घड्या घातल्या की झाला एक फर्मा. असे दहा-पंधरा फर्मे क्रमाने लावून शिवले, वर पुठ्ठा चिकटवला, कडा कापल्या की झालं पुस्तक. मावशीची बोटं कागदावरून अशी फिरत की बघणाऱ्याला वाटावं, बाई कणीक मळते आहे.

अक्षरं मात्र तिला फार उशिरा भेटली. त्रेपन्नाव्या वर्षी, छपाईत खराब निघालेल्या कागदांवर बोट ठेवून ठेवून तिने ती ओळखीची करून घेतली. त्यामुळे तिच्या वाचनाची तऱ्हाच निराळी होती. जो फर्मा हातात येईल तो ती वाचायची, आणि फर्मे काही क्रमाने येत नसत. कित्येक कादंबऱ्यांत माणूस आधी मेलेला, मग म्हातारा झालेला आणि शेवटी जन्मलेला तिने पाहिला होता. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. "लेखकांचं चालायचंच," असं म्हणून ती पुढची घडी घाली.

पण ही कादंबरी आली ती क्रमाने आली. पहिला फर्मा, मग दुसरा, मग तिसरा. आणि तिच्यामागोमाग तिची लेखिकाही आली. चोवीस वर्षांची पोर, पहिलंच पुस्तक. दवाखान्यात मूल ठेवल्यासारखी रोज येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. घाबरली की तिला उचकी लागायची, आणि कटिंग मशीनचं पातं खाली आलं की ती घाबरायची. त्यामुळे बाइंडिंगखान्यात दिवसभर 'खटाक, उच, खटाक, उच' असा ताल चालू असे.

कादंबरी होती एका चार मजली इमारतीची. सगळी माणसं सभ्य, धुतल्या तांदळासारखी. कोणी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कोणाच्या घरात आरडाओरडा झाला तर शेजारचे आपली खिडकी हळूच लावून घेत, कडीचा आवाज होऊ न देता. वाचता वाचता मावशी मधूनच खुदकन हसायची. "ही बाई मी ओळखते गं," म्हणायची. "ही माझी थोरली जाऊ."

आठव्या फर्म्यात एक माणूस पडद्यांची मापं घ्यायला इमारतीत येतो. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात त्याच्या छातीत कळ येते आणि तो पायऱ्यांवर कोसळतो. फर्म्याची शेवटची ओळ अशी होती: 'त्याने हात उचलला आणि सगळ्यात जवळच्या दारावर तीनदा टकटक केली.'

पुढचा फर्मा नववा. आणि नेमका नववा आला त्या दिवशी मावशी नवा चष्मा करायला गेली होती. घड्या घातल्या वहिनीने. वहिनी म्हणजे फर्मे शिवणारी. ती वाचण्याच्या भानगडीत पडत नसे. "शिंपी काय प्रत्येक शर्ट घालून बघतो?" असा तिचा सवाल होता. दुसऱ्या दिवशी मावशी नवा चष्मा लावून आली तेव्हा टेबलावर दहावा फर्मा होता. त्यात इमारतीतली सगळी मंडळी जमून बाहेरच्या भिंतीला कोणता रंग द्यायचा यावर भांडत होती. पडदेवाल्याचा पत्ता नाही. जिना स्वच्छ धुतलेला.

मावशी लेखिकेच्या मागे लागली. "एवढंच सांग पोरी, दार उघडलं का?"

"सांगितलं तर मजा जाईल, मावशी. पुस्तक झालं की वाचा."

"अगं पण माणूस जिन्यात पडलाय!"

"मी काय करू? मीच पाडलाय त्याला," म्हणून पोर हसायची.

अकरा दिवस मावशी त्या टकटकीनिशी जगली. घड्या घालताना टकटक, जेवताना टकटक. शेजारणीने दार वाजवलं तर ही आधी दचकायची, मग धावत जाऊन उघडायची. शेजारणीलाही आश्चर्य वाटलं, एवढी आवभगत कधी नव्हती.

मग उगवला प्रकाशनाचा दिवस. तीनशे प्रती तयार झाल्या आणि सकाळीच समोरच्या वाचनालयावरच्या सभागृहात गेल्या. समारंभ संध्याकाळी सहाला. जाताना लेखिकेने एक प्रत मावशीच्या हातात दिली. आत लिहिलं होतं: 'मावशींना, माझ्या पहिल्या वाचकाला.' मावशीने ते तीनदा वाचलं, मग कोणी बघत नाही असं पाहून चौथ्यांदा.

दुपारी डबा उघडून तिने पुस्तक शेजारी ठेवलं आणि सरळ पान एकशे अठ्ठावीस काढलं. तीनदा टकटक. नजर समोरच्या पानावर गेली.

'"पिस्ता रंग उठून दिसेल," चिटणीस म्हणाले.'

मावशीला वाटलं, पानं चिकटली. तिने फुंकर मारली. बोट ओलं करून कड चाचपली. पुस्तक उजेडाकडे धरलं, मग उलटं करून झटकलं. पोळीचा एक कण तेवढा पडला. एकशे अठ्ठावीसनंतर एकशे पंचेचाळीस. मधली सोळा पानं नाहीत. म्हणजे अख्खा नववा फर्मा नाही.

घास हातातच राहिला. पण खरं वाईट तर पुढेच होतं. तिच्या डाव्या हाताला काहीतरी आठवलं.

फर्मे क्रमाने उचलायचे असतात तेव्हा लांब टेबलावर त्यांच्या ढिगांची रांग मांडतात, आणि टेबलाकडेने चालत चालत एकेका ढिगातला एकेक फर्मा डाव्या हातावर घेत जातात. चौदा फर्मे, चौदा पावलं. शिवाय प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्याने एक काळी खूण केलेली असते, आधीच्यापेक्षा थोडी खाली. सगळे नीट लागले की पाठीवर त्या खुणांचा छोटासा जिना दिसतो. या पुस्तकाचे फर्मे उचलले त्या दिवशी मावशीचा हात तेरावरच भरला होता. आणि पाठीवरच्या जिन्यात नववी पायरी नव्हती. तिने ती नसलेली पायरी आपल्या डोळ्यांनी, नव्या चष्म्यातून, पाहिली होती. आणि मनात म्हटलं होतं, 'मास्तरांना माहीत असेल.' आणि तीनशे वेळा टेबलाभोवती फिरली होती.

ती तशीच उठून वहिनीकडे गेली. "वहिनी, शिवताना तुम्हाला जिन्यात एक पायरी कमी नाही दिसली?"

वहिनीने दाताने दोरा तोडला. "दिसली की."

"मग बोलला का नाही?"

"फर्मे तुम्ही उचललेत. एकोणीस वर्षं उचलताय. म्हटलं, मावशींना जास्त कळतं, आपण कशाला नाक खुपसा?"

कटिंग मशीनवरचे काका हे ऐकत होते. ते म्हणाले, "मलाही पुस्तक जरा बारीक वाटलं. पण म्हटलं, हल्ली जो तो बारीकच होतोय."

तिघंही मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. मास्तर उशीवर बसून चहा पीत होते.

"मास्तर, नववा फर्मा कुठंय?"

"पुस्तकात."

"पुस्तकात नाही."

मास्तरांचा चहा नाकात गेला. खोकून झाल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून बाइंडिंगखाना उलथापालथा करायला लावला. टेबलाखाली बघा, पुठ्ठ्यांमागे बघा, माळ्यावर बघा. केर काढावा तसे सगळे मास्तरांभोवती फिरत होते. मास्तर पाय वर घेत होते, पाय खाली ठेवत होते, पण जागचे हलत नव्हते. तीन वाजले. शेवटी त्यांनी छापखान्याला फोन लावला.

"नववा फर्मा तुम्ही पाठवलाच नाही!" ते फोनमध्ये गरजले. "काय? आम्ही नेला? सही आहे? असेल सही! अहो, तीनशे कागद जातील कुठे? मी काय त्यांच्यावर बसून राहिलोय?"

वहिनीने मावशीकडे पाहिलं. मावशीने काकांकडे. काकांनी उशीकडे.

"मास्तर," मावशी म्हणाली, "उठा."

"का?"

"उठा म्हणजे झालं."

"डॉक्टरांनी कमरेला एकाच उंचीवर बसायला सांगितलंय. ही उंची मला फार मानवलीय. अकरा दिवसांत एक कळ नाही."

"अकरा दिवस?" वहिनी किंचाळली.

मास्तरांच्या तोंडाचा रंग हळूहळू उतरला. ते उठले. उशी काढली, तिच्याखालचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला, फळी उचलली. खाली नववा फर्मा. तीनशेच्या तीनशे, इस्त्री केल्यासारखे, आणि अजून कोमट.

"घडी मात्र काय सुरेख बसलीय," काका म्हणाले.

वहिनीला हसू फुटलं. तिचं बघून काकांना, काकांचं बघून मावशीला. डोळे पुसता पुसता मावशीने हात पुढे केला. "एक द्या इकडे. आधी मी वाचणार."

"आत्ता?" मास्तर ओरडले. "प्रकाशन तीन तासांवर आलंय!"

"अकरा दिवस तो माणूस दारात पडलाय. मला कळायला नको?"

ती खिडकीपाशी बसली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. इकडे मास्तर हातवारे करत येरझारा घालत होते, एक हात कमरेवर. "सोळाच तर पानं आहेत. कोण वाचतंय? लोक पुस्तक घरी नेतात, कपाटात लावतात. पुढच्या आवृत्तीत घालू. आता गवगवा केला तर बाइंडिंगखान्याचं नाव जाईल, त्या पोरीच्या समारंभाचा विचका होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

मावशीला ते ऐकूच येत नव्हतं. ती तिसऱ्या मजल्यावर होती. टकटक झाल्यावर एका घरात रेडिओ मोठा होतो. दुसऱ्या घरात नवरा म्हणतो, समोरचे उघडतील. समोरच्या घरात बायको म्हणते, बाजूचे उघडतील. वरचा कॉलेजातला मुलगा इमारतीच्या ग्रुपवर लिहितो, 'जिन्यात कोणी पडलंय का?' आणि त्यावर अकरा जण अंगठा दाखवतात. आणि मग दार उघडतं. उघडतं! पण साखळी लावलेली. वीतभर फटीतून एक सुशिक्षित, प्रेमळ बाई बाहेर बघते आणि पायरीवर आडव्या पडलेल्या माणसाला विचारते, 'तुम्ही कोणाकडे आलात?'

माणूस कसाबसा वर बोट दाखवतो.

'मग वरती जा ना,' ती अगदी गोड आवाजात म्हणते, आणि दार लावते. हळूच. कडीचा आवाज होऊ न देता.

मावशी आधी फिसकन हसली. मग इतकी हसली की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. मग हसता हसताच मधे थांबली. ती बाई काही वाईट नव्हती. तिने फक्त पाहिलं आणि दार लावलं. आणि आपण? आपण तर पायरी नाही हे पाहूनही तीनशे वेळा तिच्यावरून चाललो.

चारच्या सुमाराला लेखिका आली. नवी चप्पल, नवे कपडे, केस असे बसवलेले की हात घालायची सोय नाही. "मावशी, वाचलंत?"

"वाचलं," मावशी म्हणाली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आडपडदा नाही, मास्तरांची उशीसुद्धा नाही वगळली.

पोरीला पहिली उचकी लागली. मग दुसरी. "पण अध्यक्षांनी... उच... वाचलंय. दोन दिवसांपूर्वीच त्यांना पहिली प्रत दिली. फोनवर म्हणाले, एकेक पान... उच... हृदयाला भिडतं. आईने वाचलंय. माझ्या काकांनी वाचलंय. कोणीच काही बोललं नाही."

"नाहीच बोलणार."

"मग चालेल ना, मावशी?" तिने मावशीचा हात धरला. "आज राहू दे. उच. सगळे नातेवाईक आलेत. पहिलंच पुस्तक माझं. लोक हसतील. पुढच्या आवृत्तीत घालू. कोणाला काही कळणार नाही."

"बघा!" मास्तर म्हणाले. "लेखिकाही तेच म्हणते!"

मावशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. रागावली नाही. "पोरी," ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकातले सगळे हेच बोलतात की गं. मी वाचलंय म्हणून सांगते. आता वाचलं नसतं तर मीही म्हटलं असतं, राहू दे."

पोरीने धरलेला हात सोडला. एक मोठी उचकी देऊन, नवी चप्पल वाजवत, ती जवळजवळ पळतच गेली.

मास्तरांनी हात झटकले. "संपलं. मालकच नको म्हणतो, मग आपल्याला काय करायचंय?"

"काका," मावशी वळून म्हणाली, "हा गठ्ठा पुस्तकाच्या मापाने कापून द्या. वहिनी, खळ शिजवा, पातेलंभर. घट्टसर."

"ती नको म्हणाली ना?" वहिनीने विचारलं.

"ती नको म्हणाली तर मी परत घेऊन येईन. पण दाराशी नेऊन ठेवणार. एकदा विचारायचं तर राहायला नको."

वहिनीने पदर खोचला आणि शेगडी पेटवली. काकांनी पातं खाली आणलं. खटाक. नेहमीच्या ठिकाणी उचकी आली नाही, तेव्हा सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

सहा वाजून गेले होते तेव्हा ही वरात रस्ता ओलांडून निघाली. पुढे मावशी, कडेवर खळीचं पातेलं. मागे काका आणि वहिनी, दोघांच्या खांद्यांवर नवव्या फर्म्याचे गठ्ठे. आणि सगळ्यांच्या मागे कमरेवर हात ठेवून मास्तर, जे आपण येणारच नाही असं वाचनालयाच्या पायरीपर्यंत सांगत आले. सभागृह वरच्या मजल्यावर. दार बंद. आतून अध्यक्षांचा भरदार आवाज येत होता.

मावशीने दारावर तीनदा टकटक केली.

पहिल्यांदा काही झालं नाही. आत मागच्या रांगेत कोणीतरी 'श्श' केलं. मावशीने पुन्हा तीनदा केली. मग दार उघडलं, वीतभर. फटीत लेखिकेचे काका दिसले, छातीवर 'स्वागत' असा बिल्ला. त्यांनी मावशीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, घामाघूम झालेल्या मंडळींकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?"

मावशीने ओठ दाबून धरले. पण हसू काही कोणाच्या बापाचं ऐकत नाही. ते आधी नाकातून निघालं, मग पोटातून, आणि मग असं खो खो सुटलं की पातेलं डुगडुगायला लागलं. मागे वहिनीला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसू लागली.

आत अध्यक्ष म्हणत होते, "...आणि ते दार जेव्हा उघडतं, मायेने, जिव्हाळ्याने उघडतं, तेव्हा माणुसकीवरचा माझा विश्वास..."

व्यासपीठावर लेखिका बसली होती. मिनिटाला दोन उचक्या, हातातला पाण्याचा तिसरा ग्लास. तिने तो प्रश्न ऐकला. तो तिने लिहिलेला होता, रात्ररात्र जागून, खोडून, परत लिहून. आणि तो तिच्या सख्ख्या काकांच्या तोंडून, तिच्याच समारंभात, तिच्याच दारात आला होता. तिच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग भीती, आणि मग ती फस्सकन हसली. तोंडातलं पाणी अध्यक्षांच्या टिपणांवर उडालं. उचकी जागच्या जागी थांबली.

तिने अध्यक्षांना बाजूला सारलं आणि माइक धरला.

"काका," ती म्हणाली, "साखळी काढा. दार पूर्ण उघडा. त्या माझ्याकडे आल्यात."

दाराला साखळी नव्हती. पण काकांनी घाबरून दोन्ही दारं सताड उघडली.

मग तिने सांगितलं. की पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण पुस्तकात नाही. की तिला ते दुपारीच कळलं होतं आणि ती गप्प बसणार होती. सभागृहात कुजबुज झाली. मागून कोणीतरी फटफट पानं उलटली. "खरंच की! एकशे अठ्ठावीसनंतर पंचेचाळीस!"

"आई," लेखिकेने पहिल्या रांगेत पाहिलं, "तुला कळलं नाही?"

"कळलं होतं गं," आई म्हणाली. "पण म्हटलं, एवढी खुशीत आहेस, कशाला विरजण घाला?"

"मलाही कळलं होतं," स्वागताचे काका म्हणाले.

"मलाही," तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "वाटलं, छापखान्याला माहीत असेल."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी टिपणं पुसली, घसा खाकरला. "मला वाटलं, ही नवी शैली आहे. रिकामी जागा वाचकाने भरायची."

"भरायचीच आहे," मावशी व्यासपीठासमोर पातेलं ठेवत म्हणाली. "चला. ज्याच्या हातात पुस्तक आहे त्याने पान एकशे अठ्ठावीस उघडा. आमचे काका फर्मे वाटताहेत. फर्म्याच्या पाठीला एका बोटाने खळ लावायची. एकाच! तिथे शिऱ्यासारखी थापू नका, ओ चष्मेवाले. आता आत सरकवा, खोलवर, पार शिवणीपर्यंत. अध्यक्ष, तुमचा उलटा लागतोय."

दीडशे माणसं, कोट घातलेली, अत्तर लावलेली, गुडघ्यांवर पुस्तकं उघडून बोटांनी खळ लावू लागली. कोणाची बाही चिकटली. कोणाचं आमंत्रणपत्रच पुस्तकात गेलं. पुस्तकाला कधी हात न लावणारी माणसं शेजाऱ्याला 'जरा दाखवा ना' म्हणत होती. लेखिकेची आई सगळ्यात चांगलं करत होती. वहिनी रांगांमधून हिंडत 'पुरे, पुरे, पुरे' म्हणत होती. एक गृहस्थ फर्मा खिशात घालून "घरी जाऊन निवांत लावतो" म्हणत उठले, तर मावशी त्यांच्या समोर उभी. "आत्ताच लावा. घरी गेलात की नाही लावणार. मला माहीत आहे, मी पण तशीच आहे."

सगळ्यांचं झालं. आता पंचाईत दाबायची. ओली खळ वजनाशिवाय धरत नाही. इतका वेळ भिंतीला टेकून, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असा चेहरा करून उभे असलेले मास्तर पुढे आले. त्यांची कंबर एकाएकी ताठ झाली. एकोणीस वर्षांत मावशीने त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

"मंडळी," मास्तर गरजले, "पुस्तकं मिटा. खुर्चीवर ठेवा. आणि त्यावर बसा!"

"पुस्तकावर?" अध्यक्ष म्हणाले.

"वीस मिनिटं. हलायचं नाही. पुढे सरकून बसू नका, वजन मधोमध पाहिजे. ताई, तुम्ही हलक्या आहात, मुलीला मांडीवर घ्या."

आणि दीडशे सभ्य माणसं एका दमात पुस्तकांवर बसली. खुर्च्या करकरल्या. कोणाला उठता येईना, कोणाला घड्याळ बघून सटकता येईना. समारंभाला आलेले लोक असे हातात कधी सापडत नाहीत, हे लेखिकेच्या ध्यानात आलं. तिने मावशीकडून नवव्या फर्म्याची एक प्रत घेतली आणि माइकसमोर वाचायला सुरुवात केली.

रेडिओ मोठा झाला तेव्हा लोक हसले. अकरा अंगठे आले तेव्हा तर खिदळले; दोघांतिघांनी आपले फोन हळूच खिशात टाकले. साखळीची फट आली. 'तुम्ही कोणाकडे आलात?' स्वागताच्या काकांनी बिल्ला काढून मुठीत धरला आणि सगळ्यात मोठ्याने हसले. मग 'मग वरती जा ना' आलं, आणि हसणं ओसरत गेलं. मावशी दाराजवळच्या भिंतीशी उभी होती. ओळीवर बोट न ठेवता तिला प्रत्येक शब्द कळत होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. तीनदा.

कोणीतरी सवयीने दारं परत लावून घेतली होती. दीडशे माणसांनी दाराकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. आणि पुढच्याच क्षणी दीडशेच्या दीडशे एकदम उठली, खुर्च्या आदळत, एकमेकांच्या पायांवर पाय देत. अध्यक्ष व्यासपीठावरून उडी मारून धावले. त्यांचं पुस्तक त्यांच्या मागे चिकटून त्यांच्यासोबतच आलं. दार उघडायला वीस हात पुढे आले.

बाहेर चहावाला उभा होता. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कपांची चळत. समोर धावून आलेली ती गर्दी पाहून तो दोन पायऱ्या मागे सरला.

"चहा..." तो चाचरत म्हणाला. "कोणाकडे द्यायचा?"

"आमच्याकडे!" सगळे एका सुरात ओरडले आणि त्यांनी त्याला हाताला धरून आत ओढलं. लेखिका माइकला धरून हसत होती, मावशी रिकाम्या पातेल्याला. आणि त्या सगळ्या गोंधळावरून मास्तरांचा आवाज आला, एकटा, व्याकूळ:

"अहो बसा, बसा! खळ वाळली नाही अजून!"